आकाशपाळण्याच्या दिवे-मोटर संचावरील तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या आकाशपाळण्यासाठी घेतलेल्या आमच्या संचाला तुम्ही दोन तारे दिलेत. मोटर सुरू केली की पांढरे दिवे मंदावतात, पाळणा अडखळतो, आणि एक तार ठोकळा दाबताच तुटली, असं तुम्ही लिहिलंत. ‘मोटरमध्ये दमच नाही’ हा तुमचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच मजकुरात आहे.

लाल दिवे नीट राहतात आणि सेल रिचार्जेबल आहेत, असं तुम्ही म्हणता. गोम तिथेच आहे. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. तीन अल्कलाइन सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात, तीन रिचार्जेबल फक्त ३.६. मोटर सुरू होताना किंवा अडल्यावर खूप करंट ओढते, व्होल्टेज आणखी उतरतं आणि पांढरे दिवे आधी मान टाकतात. म्हणून आधी अल्कलाइन सेल घालून पाहा.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मोटर अडते हे खरं दुखणं आहे. ती काढून ठेवा आणि पाळणा बोटानं फिरवा. तो सहज फिरून हळूहळू थांबायला हवा. जड वाटला, तर अ‍ॅक्सलवरचा (फिरणाऱ्या दांड्यावरचा) बुश, म्हणजे दांडा जागेवर ठेवणारी छोटी कडी, आधाराला घट्ट टेकलाय का बघा. बहुतेक वेळा तोच गुन्हेगार असतो. कागद सरकेल इतकी फट ठेवा. मग मोटरच्या अ‍ॅक्सलवर ८ दात्यांचा गिअर आणि पाळण्याच्या अ‍ॅक्सलवर २४ दात्यांचा बसवा. वेग एक तृतीयांश होईल, जोर जवळजवळ तिप्पट. आकाशपाळणा तसाही संथच शोभतो! अडलेली मोटर चालू मात्र ठेवू नका, ती तापून जळू शकते.

तार मुद्दाम केसासारखी बारीक ठेवली आहे आणि ती जाड करणार नाही. ठोकळे एकमेकांना घट्ट पकडतात ते अगदी नेमक्या मापामुळे. मध्ये जाड तार आली की वरचा ठोकळा बसतच नाही. दोन स्टडच्या (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांच्या) मध्ये सुमारे ३ मिलिमीटर जागा असते, तार तिथूनच न्यायची. स्टडच्या माथ्यावरून गेली तर ठोकळा ती चिरडतो.

तार तुटलेल्या दिव्यांच्या माळेऐवजी नवी माळ आणि दिव्यांसाठी वेगळा बॅटरी बॉक्स आम्ही विनामूल्य पाठवतोय. एवढं करूनही पाळणा अडला, तर संच परत पाठवा, पूर्ण पैसे परत मिळतील.