‘एचपीएलसीत सगळ्या गोळ्या दिसतात’ म्हणे!

तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत कोल्हापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: रक्ताची ‘एचपीएलसी’ (द्रवातले घटक वेगवेगळे करून मोजणारी मशिनवरची तपासणी) केली की खाल्लेली प्रत्येक गोळी दिसते, तिचा अंश रक्तात तीन महिने राहतो, तो अंश म्हणजे विष, आणि महिनाभर अनशापोटी गुळाचं पाणी प्यायलं की ते धुऊन निघतं. माझा रोजचा धंदाच या मशिनशी, म्हणून एकेक बघू.

प्रत्येक गोळी दिसते. नाही. मशिनला औषधांची नावं कळत नाहीत. प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, तिप्पट ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घातलं की तो पिवळसर द्रव नासलेल्या दुधासारखा फुटतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्रथिनं खाली बसवायची आणि वरचं निवळ पाणी गाळून कॉलममध्ये, म्हणजे बारीक कण ठासलेल्या नळीत, सोडायचं; तिथून प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. पॅरासिटामॉलपासून शरीरात बनणाऱ्या ग्लुकुरोनाइडला पाण्याची ओढ जास्त, त्यामुळे सी-18 जातीच्या कॉलममध्ये ते रेंगाळत नाही, मूळ औषधाच्या आधीच बाहेर पडतं. पण मशिनच्या आलेखावर दिसणारा उंचवटा (पीक) त्याचाच कशावरून? त्याचं शुद्ध स्टँडर्ड चालवून वेळ जुळवावी लागते. दुसरंच काही त्याच वेळी बाहेर येऊ शकतं, म्हणून खात्रीसाठी पुढे मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून ओळख पटवणारं मशिन, जोडतात. आकडा हवा तर ठाऊक प्रमाणाचे नमुनेही चालवायचे. त्यांचे आकडे खऱ्या आकड्याच्या साधारण 15 टक्क्यांच्या आत बसायला हवेत, ठरलेल्यापेक्षा जास्त नमुने चुकले तर अख्खी बॅच बाद. कुणी ‘सगळ्या गोळ्यांची टेस्ट’ विकायला आला तर विचारा: स्टँडर्ड कशाकशाची चालवलीत?

तीन महिने राहतो. हा घोळ शुगरच्या रिपोर्टवरून झाला असावा. एचबीएवनसीच्या कागदावर पद्धत म्हणून बऱ्याचदा ‘एचपीएलसी’च छापलेलं असतं आणि त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. पण तिथे मोजतात तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन. पेशी सुमारे 120 दिवस जगते, म्हणून तो हिशेब. प्लाझ्मा काढताना या पेशी बाजूलाच होतात. निरोगी माणसाच्या प्लाझ्मातलं पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं आणि दिवसभरात बहुतेक सगळं लघवीवाटे जातं. हृदयाचं अमिओडॅरोन मात्र चरबीत साठून खरंच महिनोन्‌महिने रेंगाळतं. मेसेजवाल्याला हे ठाऊक असतं तर त्यानं पहिल्या ओळीत मिरवलं असतं.

अंश म्हणजे विष. अर्धवट खरं, म्हणून जास्त घातक. पॅरासिटामॉलच्या थोड्या भागाचं यकृतात एनएपीक्यूआय नावाचं रसायन बनतं, ते विषारीच. नेहमीच्या डोसात शरीरातलंच ग्लुटाथायोन हे रसायन त्याला निकामी करतं; ओव्हरडोसमध्ये ग्लुटाथायोन संपतं आणि यकृत धोक्यात येतं. उलट बीपीची एनालाप्रिल घ्या. त्या गोळीचं खरं काम तिच्यापासून शरीरात तयार होणारं एनालाप्रिलाट करतं. ते ‘विष’ धुवायचं असेल तर गोळी गिळायची कशाला?

गुळाचं पाणी. गुळाबद्दल कोल्हापूरकरांना आणखी काय सांगायचं! पण औषधाचं ग्लुकुरोनाइड बनवतात ती मुख्यतः यकृतातली एन्झाइम, बाहेर टाकतात मूत्रपिंडं, आणि गुळानं दोघांचाही वेग वाढत नाही. शुगर असलेल्या माणसानं महिनाभर रोज पेला रिचवला, तर एचबीएवनसीच्या एचपीएलसीत तो गूळ तेवढा दिसेल.