ग्लासातल्या थुंकीवरून कॅन्डिडा कळत नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. सकाळी उठल्याउठल्या ग्लासभर पाण्यात थुंका, खाली दोरे लोंबले तर पोटात ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी वाढलीय. मग गूळ, पाव, दही बंद करा, रोज खायचा सोडा प्या, बुरशी मुळासकट जाईल. शिवाजी पेठेतल्या माझ्या मावशीनं तीन आठवडे हे सगळं केलं, म्हणून लिहायला बसलो.

ते दोरे म्हणजे लाळेतलं चिकट म्युसिन. रात्री तोंड कोरडं पडतं, सकाळची लाळ दाट होते, फेसामुळे वर तरंगते आणि तिचे धागे खाली लोंबतात. कुणाचेही लोंबतील.

‘मुळासकट’ तर अजिबात नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप नांदत असते. अँटिबायोटिकनं शेजारचे जीवाणू मेले, साखर हाताबाहेर गेली, प्रतिकारशक्ती खालावली, की ती डोकं वर काढते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना मी हे दाखवतो: रक्तद्रवात तिच्या गोल पेशी सोडून ३७ अंशांवर ठेवल्या की दोन-तीन तासांत कोंब फुटतात, मिसळीच्या मटकीला मोड यावेत तसे. शरीरात हेच कोंब लांब होऊन आपल्या पेशींत घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात. हे विष २०१६ साली उजेडात आलं.

म्हणूनच सोड्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. आम्लात ही बुरशी बहुतेक गोलच राहते, ते लांब कोंब काढायला तिला आम्ल कमी झालेलंच मानवतं. शिवाय मावशीला बीपी, आणि सोड्यात सोडियम!

पावातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, तेही भट्टीत मरतं. दही जीवाणूंचं. गूळ मधुमेह्यानं आवरावाच, पण तो मधुमेहासाठी.

रक्तात शिरलेली कॅन्डिडा मात्र जीव घेते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिला सर्वांत धोकादायक बुरश्यांच्या गटात घातलं. तिचं निदान रक्ताच्या कल्चरवरून, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून होतं.

मावशीला खरंच त्रास होता, पण तोंडात. जिभेवर सायीसारखे पांढरे चट्टे, पुसले की खाली लालभडक. ती दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेते आणि नंतर चूळ भरत नव्हती. डॉक्टरांनी तोंडात लावायला क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलं, पंप चालूच ठेवायला सांगितला. चट्टे गेले, गुळाचा चहा परत सुरू झाला. थुंकीचा तो ग्लास आता पंपाशेजारी असतो, चुळीसाठी.