माझ्या वर्तनाची हमी

निवृत्तीनंतर इतिहासात एम. ए. करावे, अशी माझी जुनी हौस आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तेथे प्रवेश मिळतो, त्यामुळे माझी बी. एस्सी. चालून गेली. मात्र 1982 साली बी. एड. झाल्यापासून माझ्या शिक्षणात खंड पडला आहे, असे प्रवेशाच्या खिडकीतल्या लेखनिकाने मान वर न करता सांगितले आणि त्या खंडाचे प्रतिज्ञापत्र आणायला मला कोर्टाकडे पिटाळले.

कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या टंकलेखकाकडे मजकूर तयारच होता. फक्त नाव आणि कारण यांच्या जागा मोकळ्या होत्या.

"कारण काय घालू, ताई? आजारपण?"

"मी शाळेत होते."

"मग खंड कुठला?"

"शिकवत होते. गणित. आठवी ते दहावी."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे शिक्षण बंदच की!" मग माझी दया येऊन तो म्हणाला, "घरगुती अडचण घालतो. बायकांचं तेच घालतो आम्ही, कुणी विचारत नाही."

'शिक्षिकेची नोकरी' हे शब्द मी हट्टाने लिहायला लावले, पण 'या कालावधीत मी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते' हे वाक्य गाळायला तो काही केल्या तयार होईना. निम्म्या तालुक्याला त्रिकोणमिती शिकवणे हे गैरकृत्य आहे की नाही, याबाबत त्या निम्म्या तालुक्याचे मत वेगळे असू शकेल. तरीही मी सही केली.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राचे प्रकरण त्याहून अवघड निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार ते विद्यार्थ्याबरोबर पालकानेही द्यायचे असते. मुलांचे जीव गेल्यानंतर आलेला हा नियम आहे आणि त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही, पण माझे आईवडील हयात नाहीत, हे सांगितल्यावर लेखनिक शांतपणे म्हणाला, "मग मुलगा असेल ना, मावशी?" ज्याच्या प्रगतिपुस्तकावर मी दात-ओठ खात सह्या केल्या, त्यानेच माझ्या वर्तनाची हमी दिली. 'पाल्याशी नाते' या रकान्यात 'मुलगा' हा पर्यायच नसल्यामुळे तो आता माझा 'इतर' आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययन यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते या अर्जाची रचना करणाऱ्यांच्या वाचनात आलेले दिसत नाही, आणि इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या तर मुळीच नाही. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो. परवा गुडघा धरून लिफ्टपाशी उभी राहिले, तेव्हा शिपायाने अदबीने दार उघडले. तेवढ्यात त्याला माझ्या गळ्यातले नवे कोरे ओळखपत्र दिसले.

"स्टुडंट आहात होय?" दार लावून घेत तो म्हणाला. "मग जिना तिकडे."