त्या नोटिशीचं शुद्धलेखन मी तपासलं होतं

सोसायटीच्या मीटिंगमधून आज मधेच उठून आले. डोकं इतकं भणाणलंय की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. पोस्ट मोठी होणार, आधीच सांगते. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

विषय क्रमांक सहा, 'कचरा व्यवस्थापन'. पाचव्या विषयानंतर सामोसे आले होते, त्यामुळे निम्मी सभा खाण्यात गुंग. ठराव असा की 'स्वच्छ'च्या, म्हणजे पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या सहकारी संस्थेच्या, मावशी बंद, त्यांच्याऐवजी एक खासगी ठेकेदार. गाडी येणार, टीशर्ट घातलेली दोन मुलं येणार, अ‍ॅपवर तक्रार करता येणार, घरटी पैसेही थोडे कमी. सूचक, अनुमोदक, हात वर. चौदा वर्षं रोज सकाळी आपल्या दाराशी येणारी बाई चार मिनिटांत निकालात निघाली. जिन्याच्या रंगावर त्याआधी पाऊण तास भांडण झालं होतं, बदामी की पिस्ता.

मी उठून विचारलं, "त्यांचं नाव काय, कुणी सांगेल का?" कुणीच बोललं नाही. मग सेक्रेटरी हसून म्हणाले, "अहो मॅडम, ठरावात ते लागत नाही."

त्यांचं नाव इथे मीही लिहीत नाहीये. विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "फेसबुकवर नगं ताई, पोरीच्या सासरचे बघत्यात." त्यामुळे मावशीच म्हणते. खरं तर त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. तरी मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला ताई. हे उलटं का, असा प्रश्न मला आज मीटिंगमध्ये बसल्यावर पहिल्यांदा पडला.

आता नोटिशीचं. आमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद आहे. 'कचरा गोळा करणाऱ्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर करू नये. आदेशावरून.' सहा वर्षांपूर्वी कमिटीने लावला. तेव्हा कमिटीत मी होते. मसुदा माझ्याकडे आला, कारण 'मॅडमचं मराठी चांगलं'. त्यात 'व्यक्तिंनी' असं ऱ्हस्व लिहिलं होतं. मी लाल पेनाने दीर्घ केलं आणि परत पाठवलं. बस्स. बाकी काही खुपलं नाही मला त्यात. वेलांटी खुपली.

अकरा मजले, मजल्यावर चार घरं. चव्वेचाळीस घरांचा ओला-सुका कचरा ती बाई बादल्या आणि गोणी भरून जिन्याने उतरवते. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या असतात. आपल्याकडे सोफा आला की तो लिफ्टमध्ये उभा करून न्यायला वॉचमन मदत करतो.

आणि हो, सगळ्यात जोरात 'ही लोकं लिफ्टमध्ये वास सोडून जातात' कोण म्हणालं? आमच्या बी विंगचे काका. त्यांची मुलगी न्यू जर्सीला असते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाने खून केल्यावर तिथे मोर्चे निघाले, त्यात ती हातात फलक घेऊन चालली होती. काकांनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'प्राउड फादर'. सगळ्यांनी बदाम टाकले, मीही टाकला. पोरगी गुणाची आहे, तिच्यावर माझा राग नाही. तिच्याच एका पोस्टमुळे मी मेम्फिसबद्दल वाचलं.

१९६८, फेब्रुवारी. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातले दोन काळे सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. दाब देणारं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं चिरडून मेले. त्यांनी कुणाच्या ओसरीवर का नाही आडोसा घेतला? तर वस्तीत थांबायची त्यांना मुभाच नव्हती, गोऱ्या रहिवाशांच्या तक्रारी होत्या. तेराशे कामगार संपावर गेले. गळ्यात फलक होते, 'मी माणूस आहे', एवढंच. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांना गोळी घातली. त्यानंतर बारा दिवसांनी नगरपालिकेने त्यांची युनियन मान्य केली, पगार वाढवला.

रहिवाशांच्या तक्रारी होत्या. हे वाचलं त्या दिवशी मी लिफ्टमध्ये शिरले आणि आरशात बघवेना.

वंश वेगळा, जात वेगळी, हे सांगायला कॉमेंटमध्ये येऊ नका. माहितीय मला. पण पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायका कोण आहेत ते बघा ना. बहुतेक दलित, त्यांत मातंग आणि नवबौद्ध जास्त. कित्येक घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली. मावशींची आई त्यातलीच. हे काम त्यांच्याच वाट्याला कसं आलं बरं? योगायोग असेल!

मला भयंकर राग कशाचा येतो सांगू? 'आपण त्यांना काम देतो' या वाक्याचा. कुणी दिलं हो? १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या कार्यकर्त्या या बायकांबरोबर काम करायला लागल्या. कोरेगाव पार्कात लोकांनी कचरा वेगळा करून द्यायचा, बायकांनी दारातून न्यायचा, अशी घडी बसली. बसली न बसली तोच एकाने गाडी आणि माणसं लावून तोच धंदा सुरू केला. तेव्हाही गाडीच! बायका हटल्या नाहीत. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा मेळावा झाला आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन उभी राहिली. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं त्यांनी नव्वदच्या दशकातच मिळवली. २००८ पासून त्यांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनीसुद्धा सांगितलं होतं की कचरावेचकांना सामावून घ्या. हे कुणी खिरापत म्हणून वाटलेलं नाही. रणरणत्या उन्हात बसून, धरणं धरून, पोरं कडेवर घेऊन मिळवलंय.

मावशींकडे त्यांच्या आईचं जुनं कार्ड आहे. प्लास्टिक पिवळं पडलंय, फोटोतला चेहरा पुसट झालाय, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके उरलेत. मागे आमच्या गेटवरच्या नव्या वॉचमनने त्यांना चोर समजून अडवलं, तेव्हा त्यांनी स्वतःचं कार्ड काढून दाखवलं आणि त्याबरोबर ते आईचंही निघालं. "कार्ड नव्हतं तवा पोलीस पयलं आमालाच धरायचे, ताई. भंगार हातात दिसलं की चोरीचंच." तो वॉचमनही मराठवाड्यातलाच. दोघं मग गाव कुठलं यावर दहा मिनिटं बोलत उभे.

(इथे उठून चहा केला. दूध दुसऱ्या पिशवीतलं.)

मान्य, मावशी कधीकधी दोन दिवस येत नाहीत, बदली बाई वेळेवर मिळत नाही आणि बादली गळते तेव्हा पायऱ्यांवर ओघळ येतात. लिफ्ट वापरू दिली तर पायऱ्यांवर ओघळ येणार नाहीत, पण ते असो.

तुमच्यापैकी कुणी त्यांना कचरा निवडताना पाहिलंय? मी पाहिलंय, पार्किंगच्या कोपऱ्यात, नोटिशीनंतर तीनेक वर्षांनी. मी तिथे फक्त रिकाम्या बाटल्या द्यायला गेले होते. सुती हातमोजा, उजव्या अंगठ्याला भोक. रबराचा का नाही घालत विचारलं, तर म्हणाल्या, बोटाला कळत नाही. एक पिशवी उचलली, कानाशी नेऊन चुरगाळली आणि एका ढिगात टाकली. दुसरी चुरगाळली, दुसऱ्या ढिगात. आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखतात त्या! (जात हा शब्द आपोआप आला, राहू दे.) मला पण करून बघ म्हणाल्या. मला दोन्ही आवाज सारखेच. त्या खूप हसल्या. मग एक पुडी उघडताना त्यांचा हात थांबला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, लाल खूण नसलेलं वापरलेलं पॅड. सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा, अशी मोहीम 'स्वच्छ'ने चालवली होती. पत्रक आपल्या ग्रुपवर आलं होतं. कुणीतरी त्यावर 'ग्रुपवर असले विषय नकोत' असं लिहिलं होतं. ती पुडी कुणाच्या घरची होती कुणास ठाऊक. माझ्याही घरची असेल.

माझा आवाज जरा खाली येतोय, जाणवतंय मला. कारण मी कुणावर ओरडतेय? ते काका निदान तोंडावर बोलतात. मी नोटिशीतली वेलांटी दुरुस्त करून दिली आणि घरी येऊन आंबेडकर जयंतीची पोस्ट लिहिली. त्याच आठवड्यात. तारीख बघितली मी आत्ता, फेसबुकनेच आठवण काढून दिली होती मागे.

गावची विहीर दलितांनाही खुली व्हावी म्हणून 'एक गाव एक पाणवठा' म्हणत बाबा आढाव गावोगाव फिरले. आपल्याला एक सोसायटी एक लिफ्ट जमत नाही. आणि म्हणे स्मार्ट सिटी!

असो. मीटिंगमधून उठले ते थेट खाली गेले. मावशी गाडी ढकलत निघाल्या होत्या. मी तावातावाने सगळं सांगितलं, तुम्ही काळजी करू नका, मी तुमच्या बाजूने बोलते, सह्या गोळा करते, पेपरात लिहिते. त्या ऐकून घेत होत्या. एका हाताने पुठ्ठ्याच्या गठ्ठ्याला सुतळी आवळणं चालूच. मग म्हणाल्या, "तुमी कशाला वाईट होता ताई शेजाऱ्यांत? मीटिंग कवा हाय तेवढं सांगा. युनियनच्या ताईला आन् धा-बारा जणींला घेऊन येते. आमचं आमी बोलू."

खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मला ते.

लिफ्टने वर येताना ती नोटीस काढायला गेले. सेलोटेप सहा वर्षं जुना, नखाने निघेना. शेवटी घरून सुरी आणून खरवडली. कागद निघाला, चार कोपऱ्यांचे चार डाग राहिलेत. ए विंगच्या वहिनी तेवढ्यात आत आल्या, डागांकडे बघितलं, माझ्या हातातल्या सुरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रॉकेलने जाईल बघा."

ठरावाला मी लेखी हरकत दिलीय, त्यामुळे पुढच्या रविवारी अकराला पार्किंगमध्ये परत बसायचं ठरलंय. सोसायटीतले जे ही पोस्ट वाचतायत त्यांनी या. सेक्रेटरींना मेसेज केलाय की खुर्च्या पंधरा जास्त लागतील. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.