गोव्यात जिंकून सोलापुरात उतरणाऱ्यांसाठी काही सूचना

गोव्याच्या कॅसिनोत रात्रभर पोकर खेळून आपण जिंकून आला असाल, तर आधी अभिनंदन. खेळणं हा त्यातला सोपा भाग झाला. जिंकल्यावर सोलापुरात वावरायचं कसं, हे खरं अवघड, आणि त्याचं मार्गदर्शन करायचा अधिकार मला आहे. कारण आमच्या साडूंची ती एक रात्र गेल्या पंचवीस दिवसांत मी नऊ वेळा ऐकली आहे. दोनदा लग्नाच्या पंगतीत, एकदा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत आणि एकदा एका मयतीहून परत येताना, जीपमध्ये.

पहिली सूचना, जाताना विमानानेच जावं. पूर्वी विजयपूर, बेळगाव करत गाडी हाकत जावं लागायचं आणि वाटेत माणसाचं मन बदलण्याची भीती असायची. आता तो धोका उरलेला नाही. १५ जून २०२३ ला आपण विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून घराघरात भांडणं केली, आणि ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उडालं ते पहिलं कुठं? गोव्याला. एवढं शहर आपल्या सोयीसाठी झटलं असताना बसने जाणं बरं दिसत नाही.

महाराष्ट्रातच कॅसिनो का नाही, असं कुणी विचारलं तर रागाने सांगावं की १९७६ साली तसा कायदा झाला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. साडूंना हा इतिहास पाठ आहे. मुलगा कितवीत आहे, हे मात्र त्यांना विचारून पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे डाव कायद्याने बंद झाले, त्या दिवशी ते जेवले नव्हते.

पैशांऐवजी डावात लावायच्या चिप्सना चिप्सच म्हणावं. ‘त्या बिल्ल्या’ म्हणणाऱ्याची किंमत कमी होते.

खेळाचे नियम न विचारता समजावून सांगावेत, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करावी. साडूंनी आमच्या सासूबाईंना सांगितलं: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. त्यातले आधी तीन उघडतात, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. मग शेवटचा, तो रिव्हर. आणि नो-लिमिट म्हणजे पुढ्यातली सगळी रास कधीही आत सरकवता येते. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे तीन पानीच की. मग वरची दोन पानं कशाला?” यावर साडू ज्या करुणेने हसले, ते हसू आरशासमोर बसवून घ्यावं.

एक्क्यांची जोडी दर वेळी वाढवत न्यावी. पोकरमध्ये हातात दोन एक्के येण्याचा योग सरासरी २२१ डावांत एकदा. डीलर पत्ते वाटतो तेव्हा तासाला पंचवीस-तीस डाव होतात. साडू रात्री नऊ ते सकाळी सहा बसले होते, म्हणजे अडीचशेच्या आसपास डाव, म्हणजे एक्क्यांची जोडी एकदा, फार तर दोनदा. पहिल्यांदा सांगताना ती दोनदाच आली होती. संक्रांतीपर्यंत चार झाली. जीपमध्ये मी मोजायचं सोडून दिलं.

आता हुरड्याचं. मंगळवेढ्याकडे एका मित्राच्या शेतात आम्ही पंधरा जण हुरड्याला गेलो होतो. हुरडा आगटीतून काढला की हात भाजत चोळायचा आणि तसाच, गरम, शेंगाचटणीला लावून तोंडात टाकायचा. थांबला की कडक झाला. ही गोष्ट सोलापुरातल्या शेंबड्या पोराला कळते. पण साडूंची गोष्ट तेव्हाच रंगात आली होती: गोव्यात त्या रात्री त्यांच्या हातात बदामाचे राजा आणि गुलाम होते. फ्लॉपला दोन बदाम आले. चोळणाऱ्या गड्याने ताटली पुढे केली. साडूंनी ती हाताने थांबवली. टर्नला काहीच नाही, किलवरची तिर्री. समोरच्या पोराने सगळी रास आत ढकलली. आणि साडू म्हणाले, “मी नुसते त्याचे डोळे वाचले.”

काय वाचलं? समोरच्याकडे एक्क्यांची जोडी होती, तो बरोबरच खेळत होता! तुमच्याकडे काहीही नव्हतं, त्या जोडीला हरवायला पाच बदाम हवे होते आणि एक कमी होता. न पाहिलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. पाचात एकदा येणारी गोष्ट, ती आली. पाचात चारदा तुम्ही पणजीच्या रस्त्यावर रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत असता, आणि आम्ही हुरडा गरम खाल्ला असता. ह्याला डोळे वाचणं म्हणत नाहीत साहेब, ह्याला रिव्हरला बदाम आला म्हणतात. पोकरला डोकं लागतं हे मला मान्य आहे. चांगला खेळाडू असतोच, पण तो हजारो डावांत ओळखू येतो. एका रात्रीत दिसतात ती फक्त आलेली पानं. आणि माणूस आलेल्या पानांना बुद्धी म्हणायला लागला की त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. तरी आम्ही पंधरा जण बोललो, ‘वा’ म्हणालो, कारण बाहेर अंधार होता आणि गाडी त्यांची होती. हुरडा शेवटी गड्यानेच खाल्ला.

बरं, पुढची सूचना. जिंकलेला आकडा मोठ्याने सांगावा, शक्यतो बँकेतल्या माणसासमोर. चाळीस हजार घेऊन बसले, उठताना दोन लाख बारा हजार, म्हणजे एक लाख बहात्तर हजार वर. मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून पोट भरतो, त्यामुळे मला विचारण्यात आलं की यात काय द्यावं लागेल. मी सांगितलं: पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ५३,६६४ रुपये. हॉटेल, विमान, आधीच्या वेळी हरलेलं, यातलं काहीही वजा होत नाही. साडू म्हणाले, “रोखीतलं कुणाला कळतंय?” हे ते लग्नाच्या हॉलमध्ये, माइक नसताना, शेवटच्या पंगतीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले.

हरलेल्या रात्रींबद्दल बोलू नये.

रात्रभर जागल्याचं मात्र जरूर सांगावं. सोलापूरकराला जागरणाचं अप्रूप नाही, तो पाचव्या दिवशी पाण्यासाठी जागतोच. पण तुमचं जागरण वेगळं, त्यात सँडविच फुकट होतं.

आणि सर्वांत रंगवून सांगावं ते त्या पोराचं. तोच, एक्के घेऊन बसलेला. हुबळीकडचा असावा, असं साडूंचं मत. पंचविशीचा, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. त्या रात्री त्याने तीनदा पैसे टाकून चिप्स घेतल्या. तिसऱ्यांदा घ्यायच्या आधी तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. रिव्हरला बदाम पडल्यावर तो काही बोलला नाही. उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि गेला. साडू हे उभं राहून, खुर्ची सरकवून करून दाखवतात. लोक हसतात. आठव्या वेळेपर्यंत मीही हसलो.

नवव्यांदा नाही हसू आलं.

अहो, तुम्ही कॅसिनोच्या जहाजाला हरवलं नाही. मांडवीत नांगरलेलं ते जहाज पोकर खेळतच नाही. ते प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतं आणि दिवे चालू ठेवतं. तुमचे एक लाख बहात्तर हजार त्या टेबलावरच्या माणसांच्या खिशातून आले, आणि त्यातले बरेचसे त्या पोराच्या. तो फोन त्याने कुणाला लावला असेल? आईला, मित्राला, की कर्ज देणाऱ्या कुणाला, हे तुम्हाला माहीत नाही. पण फोन कसा असतो हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. कारण दिवाळीआधी तुम्ही रात्री दीड वाजता मला लावला होता तो. वीस हजार. “एटीएम अडकलंय, राव.” मी पाठवले. त्या फेरीचं नाव आजपर्यंत कुठल्याही पंगतीत निघालेलं नाही. त्याच्या आधीच्या दोन फेऱ्यांचंही नाही. त्या तुमच्या पासबुकात आहेत, आणि तुमचं विवरणपत्र भरायला ते पासबुक माझ्याकडेच येतं, हे तुम्ही विसरलात. तीन फेऱ्यांचा आकडा मी इथं लिहीत नाही. एक लाख बहात्तर त्यात बुडून वर दोन बोटं पाणी राहील, एवढंच सांगतो.

आणि परवा पहाटे तीनला पुन्हा फोन. “पाणी भरलालाव का?” भरतच होतो, मोटर लावून गच्चीवर उभा होतो. तर म्हणे पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलंय, पन्नास हजार द्या, कर्ज नाही, भागीदारी. जिंकले त्यात चाळीस टक्के माझे. हरले तर काय, हे मी विचारलं, तर म्हणाले, “तुम्ही आधीच निगेटिव्ह बोलता.”

निगेटिव्ह बोलतो, साहेब. पन्नास हजार देणार नाही. आधीचे वीस परत करा, त्याला मी चाळीस टक्के मागत नाही. तिकीट रद्द करा. कर भरा, नोटीस आली की मलाच बोलावणार आहात. त्या पोराची खुर्ची पुन्हा कुणाच्या घरात सरकवून दाखवू नका. आणि त्या तीन फेऱ्यांचं ताईंना शुक्रवारच्या आत तुम्ही स्वतः सांगा, नाहीतर शनिवारी पासबुक घेऊन मी येतो.