मॉर्मन मिशनरी मुलांना पगार मिळतो? मिळत नाही, आणि बाकीचं बरंचसंही खरं नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच: "मॉर्मन चर्च अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना पगार देऊन दोन वर्षं जग फिरायला पाठवतं. आईबापांशी बोलू देत नाही, धर्मांतरामागे कमिशन देतं, चार बायकांची लालूच दाखवतं. डोकं धुतलेली ही पोरं आता भारतात शिरायला लागली आहेत."

मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ, आणि त्यांच्या चर्चचं मुख्यालय अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. मी त्या शहराजवळ राहतो. हिंदू आहे, त्या चर्चशी माझं काही देणंघेणं नाही, आणि दारोदार जाऊन धर्म सांगणं मला पटत नाही. पण ही मुलं ज्या घरांतून जातात ती घरं माझ्याच गल्लीत आहेत. त्यांच्याबद्दल काहीच्या बाही पसरवलेलं मला सहन होत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी पैसा. या मुलांना पगार मिळत नाही. उलट घरूनच पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या मुलासाठी ही रक्कम पूर्वी महिन्याला ४०० डॉलर होती, जुलै २०२० पासून ५०० आहे. म्हणजे दोन वर्षांचे १२,००० डॉलर. सगळ्यांचे पैसे एका सामाईक निधीत जातात, त्यामुळे मुलगा टोकियोसारख्या महागड्या शहरात गेला काय किंवा मनिलात गेला काय, घरच्यांना भार सारखाच. आमच्या शेजारच्या मुलाने शाळेत असल्यापासून लोकांची लॉनं कापून आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत छपरांच्या कामावर राबून यातला मोठा वाटा जमवला, उरलेली पदरमोड आईवडिलांनी केली. ज्यांना झेपत नाही त्यांना चर्चमधली मंडळी हातभार लावतात. चर्चकडे अफाट पैसा असताना मुलांकडून कशाला घेता, असं विचारायचं तर जरूर विचारा. पण पगार देतात हे साफ खोटं आहे.

जग फिरण्याचं म्हणाल तर कुठे जायचं हे मुलाच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि वाट पाहायची. शेजाऱ्यांकडे नेमणुकीचा ई-मेल उघडायच्या संध्याकाळी आम्हालाही बोलावलं होतं. पोरगा उभा राहून मोठ्याने वाचत होता, आजी टॅब्लेटवर हजर, आणि "फिलिपाइन्स" हा शब्द येईपर्यंत त्याच्या आईलाही काही ठाऊक नव्हतं. पुढे प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषेची घोकंपट्टी, आणि मग थेट रस्त्यावर.

दिवस कसा जातो, तेही ऐका. साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग धर्मग्रंथाचं आणि भाषेचं वाचन, त्यानंतर रात्री नऊपर्यंत लोकांच्या भेटी, साडेदहाला दिवे बंद. २०१७ मध्ये वेळापत्रक थोडं सैल केलं, पण साचा तोच. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणं, किराणा, केस कापणं यासाठी. या मुलांनी पाहिलेलं जग म्हणजे बहुतेक बंद दारंच.

सगळ्यात अवघड भाग मात्र जोडीदाराचा. मिशनरी एकटा कधीच नसतो. मिशनचा अध्यक्ष, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांचा प्रमुख, ठरवील त्या मुलाबरोबर एकाच खोलीत राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र हिंडायचं. दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते: नवा जोडीदार, नवं गाव. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून आपल्यात काय बरं चाललंय आणि काय खटकतंय हे एकमेकांना सांगायचं, असा शिरस्ता आहे. एकोणिसाव्या वर्षी हे मला जमलं असतं असं वाटत नाही. लग्नाला वीस वर्षं झालेल्या किती जोडप्यांना जमतं?

घरच्यांशी बोलण्याच्या मुद्द्यात जुनं तथ्य आहे. पूर्वी वर्षाकाठी दोनच फोन असत, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं आणि ई-मेल. तो नियम निष्ठुरच होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो बदलला, तेव्हापासून मुलं दर आठवड्याला घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करू शकतात. मेसेज लिहिणाऱ्याला हे कळलेलं दिसत नाही.

चार बायकांचं तर एका ओळीत आटपतं. चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि आज कोणी तसं केलं तर त्याला चर्चमधून काढतात.

कमिशन? २०२४ च्या अखेरीस पूर्णवेळ मिशनरी ७४ हजारांवर होते आणि त्या वर्षात जगभरात नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक सुमारे ३ लाख ८ हजार. म्हणजे डोई वर्षाला चार, आणि तेही सरासरीने. आफ्रिकेत बरेच जास्त. युरोपात दोन वर्षं चपला झिजवून एखाद-दुसरा बाप्तिस्मा पाहून परतणारी मुलं थोडीथोडकी नाहीत. त्यांना एक छदामही मिळत नाही.

"आता भारतात शिरायला लागली" हे वाचून तर मला वाईटच वाटलं, कारण यात आपल्याच इतिहासाचं विस्मरण आहे. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यालाही गेला. हाती लागले ते मुख्यतः ब्रिटिश शिपाई आणि त्यांची कुटुंबं. मराठी माणसांना उद्देशून त्याने एक पुस्तिकाही काढली, पण कोणी दाद दिली नाही. १८५६ च्या सुमारास ते सारं काम गुंडाळलं गेलं. आज बंगळुरू आणि नवी दिल्ली इथे त्यांची मिशनं आहेत. परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं कठीण, त्यामुळे तिथे हिंडणारी मुलं बहुतांशी भारतीयच असतात.

उरलं डोकं धुणं. अठराव्या वर्षी एवढ्या शिस्तीत घातलेल्या मुलावर परिणाम होणारच, आणि तो व्हावा हाच चर्चचा हेतू असतो. हे मी नाकारत नाही. पण त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात एक प्रकरण सद्गुणांवर आहे: श्रद्धा, सबुरी, नम्रता, कष्टाळूपणा वगैरे. त्याच्या शेवटी एक तक्ता आहे. "मी दुसऱ्याच्या चुका धीराने घेतो का?" अशा धर्तीच्या वाक्यांपुढे मुलाने स्वतःलाच एक ते पाच गुण द्यायचे, आणि कमी पडतंय तिथे काय करायचं ते ठरवायचं. शेजारच्या मुलाने त्याची प्रत मला दाखवली. सबुरीपुढे आधी दोन, मग तीन, परत दोन. खोडाखोड भरपूर. हे ज्याने प्रामाणिकपणे केलं त्याच्या डोक्याला काही चालना मिळाली नाही असं मी कसं म्हणू? काहींची श्रद्धा मिशनवर पक्की होते, काहींची तिथेच डळमळते आणि ती मुलं पुढे चर्चही सोडतात. डोकं सरसकट धुतलं जात असतं तर असं झालं नसतं.

शेजारचा मुलगा परत आला तेव्हा माझे वडील साताऱ्याहून आलेले होते. वडिलांचं इंग्रजी तुटपुंजं. पोरगा ओट्यावर त्यांच्याशेजारी बसला आणि अर्धा तास त्यांच्या गुडघ्यांची कथा ऐकत राहिला. समजलं नाही की पुन्हा विचारायचा, वाक्य त्यांच्या तोंडून पुरं होऊ द्यायचा. धर्माचा शब्दही काढला नाही. जायच्या आधीचा हा मुलगा दोन मिनिटं एका जागी बसत नसे.

टीका करायचीच असेल तर जागा आहे, आणि ती या मेसेजमध्ये कुठेच नाही. मुलींसाठी मिशन ऐच्छिक मानतात, ते अठरा महिन्यांचं. मुलांकडून मात्र ते कर्तव्य म्हणून अपेक्षित असतं. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे एखादा मुलगा सहा महिन्यांत घरी आला की इथे कुजबुज सुरू होते. लोक काळजीच्या सुरात विचारतात, पण मुलगा खोलीबाहेर पडेनासा होतो. घरी राहून सेवा करण्याचं मिशन आता मिळतं, ते मोलाचं आहे, पण शेजाऱ्यांच्या नजरा त्याने बदललेल्या नाहीत. त्या मुलांची बाजू कोणीतरी लावून धरायला हवी, आणि हे काम चर्चच्या आतल्या लोकांनीच आधी केलं पाहिजे.