लेबलवरची सही: एकच स्टार दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय दोनदा वाचला, एकदा रागाने आणि एकदा निवांत. तुमचं म्हणणं असं, की काका गेले आणि त्यांच्याबरोबर हा गिटारींचा कारखानाही संपला, आता नुसतं नाव विकलं जातंय. गिटारच्या आत आरसा घालून पाहिलं तर ब्रेसिंगच्या, म्हणजे वरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या, पट्ट्या एकसारख्या तासलेल्या नाहीत, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या मागे फळी फुगलीय, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, वर गेलीय. शिवाय गिटार चार महिने उशिरा मिळाली.

उशिराची चूक आमची. काम अडलं होतं हे खरं, पण एक फोन करायला काय झालं होतं? माफ करा.

पट्ट्यांबाबत मात्र मी मागे हटणार नाही. स्प्रूस लाकडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात, एकाच ओंडक्यातून शेजारी शेजारी चिरल्या तरी. काका फळी दोन बोटांत लोंबती धरून टकटक करायचे, ऐकायचे, छोट्या रंध्याने पट्टीची एक साल काढायचे आणि पुन्हा टकटक. कधी एका सालीसाठी अर्धा तास. त्यांच्या जितक्या गिटारी मी दुरुस्तीला उघडल्या, त्यांतल्या कुठल्याही दोघींची मापं जुळली नाहीत. मापाबरहुकूम पट्ट्या हव्या असतील तर ते काम यंत्र आमच्यापेक्षा चांगलं करतं.

स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आवाज येतो तो वरच्या फळीतून, हे दाखवायला. (शिसवीच्या रंगावर भाळणाऱ्या गिऱ्हाइकांना काका हे हमखास सांगायचे.) तोरेस १८९२ मध्ये गेले. त्यांचा आराखडा पुढे क्लासिकल गिटार बनवणाऱ्या बहुतेकांनी उचलला, पण फळी ज्याची त्याला तासावी लागली.

आता फुगवटा. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो आणि तो पेलणारी फळी जेमतेम तीन मिलिमीटरची. थोडा फुगवटा येणारच. तुमच्या गिटारला तो जास्त आहे, मान्य. पण तुम्हीच टाकलेल्या तिसऱ्या फोटोत पेटीतल्या आर्द्रतामापकाचा काटा ७२ वर आहे. तो ४५ ते ५५ मध्ये हवा. लाकूड ओल पितं, फळी वर येते, तिच्याबरोबर ॲक्शनही.

राहिलं लेबल. ‘गेलेल्या माणसाची सही छापता’ हे वाक्य जिव्हारी लागलं, कारण ते खरं आहे. काका गिटार स्वतः वाजवून बघायचे आणि मगच लेबलवर पेन्सिलीने सही करायचे. न पटलेल्या दोन गिटारी अजून माळ्यावर बिनसहीच्या पडून आहेत. ते गेल्यावर आम्ही ती सही छापून घेतली, तेव्हा त्यात मान वाटला होता. तो गठ्ठा काल कपाटात टाकला. यापुढे ज्याने फळी तासली त्याचं नाव, पेन्सिलीने. तुमच्या गिटारची फळी मी तासली आहे.

गिटार पाठवून द्या, येण्याजाण्याचा खर्च आमचा. आधी ती तारा सैल करून दोन आठवडे कोरड्या खोलीत राहील, तोवर सॅडलला, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीला, हात लावणार नाही. त्यानंतरही ॲक्शन उतरली नाही तर नेकचा (गिटारच्या दांड्याचा) कोन आमच्याकडूनच चुकला असं धरून नेक काढून नव्याने बसवू. आणि लेबल बदलून हवं असेल तर तेही कळवा.